लाल दिवा आणि पसरणीचा घाट

पुण्याहून महाबळेश्वरास सायकलने जाणाऱ्या मनुष्याला सुमारे एकशेवीस किलोमीटरच्या त्या वाटेवर दोन अगदी भिन्न प्रकृतीचे रस्ते भेटतात. पहिला शहराचा, जेथे कोठे थांबावे आणि केव्हा निघावे हे चौकातला दिवा सांगतो. दुसरा वाई सोडल्यावर सुरू होणाऱ्या पसरणी घाटाचा, जेथे दिवा नाही, शिपाई नाही, आणि कित्येक वळणांवर समोरचे वाहन दृष्टीस पडण्यापूर्वी त्याचा हॉर्न कानी येतो. सायकलस्वाराने लाल दिव्याला थांबावे किंवा कसे, हा वाद हौशी सायकलस्वारांच्या मंडळींत मोठ्या हिरिरीने घातला जातो. माझे मत आरंभीच सांगून टाकतो: थांबावे, चाक पांढऱ्या पट्ट्यामागे ठेवून, पाय जमिनीला टेकवून थांबावे. हे मत मात्र चौकात उभे राहून तितके पटत नाही, जितके घाटात गेल्यावर पटते, आणि म्हणून या लेखात शहरापेक्षा घाटाविषयीच अधिक बोलावयाचे आहे.

न थांबणाऱ्यांची बाजू आधी नीट ऐकून घेतली पाहिजे, कारण ती सर्वस्वी पोकळ नाही. मोटार थांबली आणि पुन्हा निघाली, तर चालकाच्या देहाला त्याची काहीच तोशीस पडत नाही. सायकलस्वाराचा वेग मात्र त्याच्या स्वतःच्या मांड्यांतून निघालेला असतो, आणि ब्रेक दाबताच ती सारी कमाई रबराच्या तुकड्यांत जिरून जाते. स्वार व सायकल मिळून ऐंशी किलो वजन आणि ताशी वीस किलोमीटर वेग धरला, तर पूर्ण थांबून पुन्हा तोच वेग गाठण्याचे श्रम साधारण दीड मीटर उंच चढण्याइतके भरतात. शिवाय दिवा हिरवा होताच पहिल्या दोन-तीन पेडलांत सायकल डगमगते, आणि नेमक्या त्याच क्षणी मागची वाहने उसळी मारून पुढे येतात. तेव्हा दिवा बदलण्यापूर्वीच चौक ओलांडून मोकळ्या रस्त्याला लागणे अधिक सुरक्षित, असे अनेकांना मनापासून वाटते.

परंतु हिशेबच मांडावयाचा तर तो पुरता मांडावा. वाईपासून पाचगणीपर्यंतचा चढ जवळजवळ सहाशे मीटरचा आहे. म्हणजे जो हौशी सायकलस्वार पसरणी घाट चढून जातो, तो साडेतीनशेहून अधिक लाल दिव्यांना थांबून निघण्याइतके कष्ट एका सकाळी आनंदाने उपसतो. त्याने चौकातल्या एका थांब्याचा शीण पुढे करणे त्याच्या सामर्थ्याला शोभत नाही. कॅरियरला दोन्ही बाजूंनी दुधाच्या किटल्या अडकवून निघालेल्या गवळ्याची, किंवा पाळी संपवून घरी परतणाऱ्या कामगाराची गोष्ट निराळी. त्यांचा शीण खरा आहे आणि त्याची दाद शासनाने घेतली पाहिजे. युरोपातील पुष्कळ नगरांत चौकाच्या तोंडाशी मोटारींच्या पुढे सायकलींना उभे राहण्यास स्वतंत्र चौकोन आखून दिलेला असतो, त्यामुळे डगमगण्याचे ते पहिले क्षण मोटारींच्या नजरेसमोर, त्यांच्या पुढे, निर्धास्तपणे पार पडतात. रंगाचे काही डबे आणि अंमलबजावणीची इच्छा, एवढ्यावर हे काम होण्यासारखे आहे.

लाल दिव्याचे खरे प्रयोजन मात्र थांबणाऱ्याच्या सोयीगैरसोयीत नाहीच. ते रस्ता ओलांडणाऱ्याच्या विश्वासात आहे. हातात भाजीची पिशवी घेतलेली वृद्ध स्त्री दिव्याकडे पाहून पाऊल टाकते, तेव्हा त्या बाजूची सारी रहदारी थांबली आहे असे ती गृहीत धरते, आणि मोटारींच्या घरघरीवरून तिला त्याची खात्रीही पटते. सायकलीला आवाज नसतो. थांबलेल्या मोटारींच्या आडून निघणारी सायकल तिला दिसतही नाही व ऐकूही येत नाही, आणि त्या वयातली एक पडझड मांडीचे हाड मोडून माणसाला कायमचे अंथरुणाला खिळवू शकते. मला हे एकच कारण पुरेसे वाटते.

कायद्याची स्थिती थोडी गुंतागुंतीची आहे. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात वाहतूक चिन्हे पाळण्याचे बंधन मोटारचालकावर घातले आहे, आणि सायकल ही त्या कायद्याच्या व्याख्येत मोटार वाहन नव्हे. एवढ्यावरून काही मंडळी सायकलस्वार मोकळा आहे असा निष्कर्ष काढतात. परंतु आपल्या राज्याच्या १९५१च्या पोलीस कायद्यात वाहनाच्या व्याख्येत सायकलीचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि रस्त्यावरील सर्व प्रकारच्या रहदारीचे नियमन करण्याचा अधिकार त्याच कायद्याने अंमलदारांस दिलेला आहे. सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन हाकण्याचा गुन्हाही केवळ मोटारीपुरता मर्यादित नाही. एके काळी हा अंमल चांगलाच जाणवत असे. सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला लागे, रात्री दिवा लागे, आणि डबलसीट जाणाऱ्याला चौकातला शिपाई खाली उतरवी. बिल्ला गेला त्याचे दुःख नाही, पण दिव्याचा दंडक गेला हे वाईट झाले.

दिवा हे चौकाचे साधन तसे जुने. १८६८च्या डिसेंबरात लंडनमध्ये पार्लमेंटजवळ गॅसवर जळणारा तांबडा-हिरवा दिवा प्रथम उभारला गेला. रेल्वेच्या खुणांवरून घेतलेली ती कल्पना होती, आणि महिन्याभरातच गॅसचा स्फोट होऊन तो हाताळणारा पोलीस जखमी झाला. पुढे विजेचे दिवे आले, मोटारी आल्या, आणि चौकांचे सारे गणित मोटारींच्या वेगावर बेतले गेले. या गणितात सायकलीवर अन्याय होतो हे काही ठिकाणी कायद्यानेच मान्य केले आहे. अमेरिकेतील आयडाहो संस्थानाने १९८२ साली सायकलस्वारांना थांबा-फलकापाशी वेग कमी करून, कोणी येत नसल्यास न थांबता पुढे जाण्याची मुभा दिली. पॅरिसमध्येही ठरावीक चौकांत, तसा फलक असेल तेथे, लाल दिवा असताना सायकलस्वार उजवीकडे वळू शकतो. आपले न थांबणारे मित्र या उदाहरणांचा आधार घेतात, पण त्या सवलतीची अट सांगावयास विसरतात. दोन्हीकडे ज्याचा हक्क आधी आहे त्याला, विशेषतः पादचाऱ्याला, वाट देणे बंधनकारक आहे. शिवाय ती सवलत विचारपूर्वक दिली गेली आहे, कोणी परस्पर बळकावलेली नाही.

आणि येथेच घाटाचा दाखला उपयोगी पडतो. न थांबण्याची सवलत आपल्याकडे नवीन नाही. डोंगरी रस्त्यांवर ती पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट आहे. वाहने सुखरूप एकमेकांना ओलांडतील इतका रस्ता रुंद नसेल तेथे उतरणाऱ्याने कडेला थांबावे व चढणाऱ्यास आधी जाऊ द्यावे, हा दंडक १९८९च्या केंद्रीय रस्तानियमांत लेखी घातला गेला, पण ट्रकचालकांना तो त्याआधीही ठाऊक होता. चढावर थांबलेली जड गाडी पुन्हा हलवणे किती कठीण असते हे ज्याने अनुभवले आहे, तो समोरून चढून येणाऱ्याला कधी अडवीत नाही. सायकलस्वार चौकात जी तक्रार करतो, ती, म्हणजे मोठ्या कष्टाने मिळवलेली गती मोडली जाते ही, घाटाने केव्हाच ऐकून घेतली आहे आणि तिचा न्यायही केला आहे. त्या न्यायाची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. चढणारा न थांबता जाऊ शकतो, कारण दुसरा कोणीतरी त्याच्यासाठी थांबलेला असतो. पसरणी घाट चढताना धापा टाकणाऱ्या सायकलस्वाराला जेव्हा उतरणारी मोटार वळणाआधी थांबून वाट देते, तेव्हा त्याने आपली थांबण्याची पाळी कोठे येते याचाही विचार करावा.

ती पाळी फार लवकर येते. चढताना जी बस मागून येते तिचेच उदाहरण घ्या. एसटीची लांब गाडी डाव्या हाताच्या तीव्र वळणावर येते तेव्हा तिचे तोंड रस्त्याच्या बाहेरच्या अंगाने जाते, पण मागची चाके तोच मार्ग धरीत नाहीत. ती आतल्या अंगाला कापीत येतात, आणि वळण जितके आवळ तितकी ती डोंगराच्या कडेला अधिक चिकटतात. वळणाच्या आरंभी बसच्या डाव्या बाजूला जी ऐसपैस मोकळी जागा दिसते, ती बस अर्धी वळेपर्यंत उरलेलीच नसते. त्या जागेत शिरलेला सायकलस्वार चालकाच्या आरशात दिसेल याची खात्री नाही, त्याच्या एका बाजूला गटार व कातळ असतो, आणि निसटण्यास वाट नसते. म्हणून बसने वळण घेण्यास आरंभ केला की सायकलस्वाराने मागे थांबावे, ते वळण पूर्णपणे बसला द्यावे. हाच त्या ठिकाणचा लाल दिवा होय, आणि चौकात ज्याला थांबण्याची सवय नाही त्याला येथे तो दिसणार नाही.

उतारावर तर सायकलस्वार स्वतःच दांडगा होतो. पाचगणीहून वाईकडे निघालेली सायकल पेडल न मारता ताशी चाळीस किलोमीटरला सहज पोचते, म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. आणि घाटात खाऊ टाकणाऱ्या प्रवाशांमुळे माकडे रस्त्याच्या मधोमध जमलेली असतात, तर ती पाहण्यास थांबलेल्या मोटारी वळणाच्या तोंडाशीच उभ्या असतात. सतत दाबून धरलेल्या ब्रेकने चाकाची कड तापते. म्हणून ब्रेक थोडा दाबावा, सोडावा, पुढचा-मागचा आलटून पालटून वापरावा, आणि मुख्य दाब वळणाच्या आधी द्यावा, वळणात नव्हे. पावसाळ्यात ओल्या कडेवर ब्रेक लागण्यास क्षणभर उशीर होतो, आणि महाबळेश्वरच्या धुक्यात तेवढाच क्षण पुढचे दिसलेले असते.

मोटारवाल्यांकडे मात्र मी अधिक कडक नजरेने पाहतो, कारण ज्याचे वजन व वेग अधिक त्याची जबाबदारी अधिक. केंद्र शासनाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, त्यांत सायकलस्वार ४,८००च्या आसपास होते. मे महिन्यात, दिवाळीत आणि नाताळात पाचगणी ते वेण्णा तलाव या पट्ट्यात मोटारींच्या रांगा लागतात. स्ट्रॉबेरीची दुकाने दिसताच गाडी खुणेवाचून डावीकडे घातली जाते, आणि मागे न पाहता दार उघडले जाते. सायकलस्वाराच्या दृष्टीने ते अचानक उघडलेले दार म्हणजे भिंतच. तलावापाशी घोडी असतात, घोड्यावर मुले असतात, आणि या साऱ्यांतून सायकलीला ‘कट’ मारून पुढे जाण्यात तरुण चालकांना पुरुषार्थ वाटतो. फ्रान्स व स्पेनमध्ये गावाबाहेर सायकलीला ओलांडताना दीड मीटर अंतर राखणे कायद्याने सक्तीचे आहे. घाटात तेवढी जागा नसेल तर त्याचा अर्थ सरळ आहे: ओलांडू नये, मागे राहावे.

दिव्याच्या ज्या जुन्या दंडकाचा वर उल्लेख केला, त्याची आठवण हिवाळ्यात फार होते. सातारा-सांगलीकडे उसाचा गाळप हंगाम सुरू झाला की भुईंजच्या किसन वीर कारखान्यासारख्या कारखान्यांकडे बैलगाड्यांची आणि दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरांची रीघ रात्रंदिवस चालू असते. उजाडताना घाटाच्या पायथ्याशी पोचावे म्हणून सायकलस्वार अंधारातच निघालेले असतात. पाठीमागे तांबडी परावर्तक पट्टी नसलेली ट्रॉली आणि मागचा दिवा नसलेली सायकल हे दोघे एकाच कसुराचे धनी आहेत, आणि दोघांचेही उपाय काही शेकड्यांत होतात. कारखान्यांनी काट्यावर वजन करतानाच पट्टी तपासावी. पट्टीवाचून आलेली ट्रॉली परत जाताना तरी पट्टी लावूनच जावी, इतका बंदोबस्त सहज शक्य आहे.

सार्वजनिक बांधकाम खात्याने पसरणी गावाजवळ, घाटाच्या तोंडाशी, एक ठळक मराठी फलक लावावा, अशी माझी विनंती आहे: चढणाऱ्यास आधी वाट द्या, घाटात सायकलस्वार आहेत, दीड मीटर अंतर ठेवा. असाच फलक पाचगणीच्या बाजूला, उतार सुरू होतो तेथेही हवा, कारण थांबावयाचे ते उतरणाऱ्याने. आणि वाचकहो, आपण सायकलवर असाल तर उद्या सकाळी पहिल्याच लाल दिव्याला पाय टेकवा, मोटारीत असाल तर घाटात पुढे सायकल दिसताच वेग कमी करून पुढचा सरळ रस्ता लागेपर्यंत तिच्या मागे राहा.