समजून घ्या : किनाऱ्यावर चॉकलेटचा कीस का वितळतो?

हरिहरेश्वरसारख्या किनारी गावात मे महिन्यात पुडिंगवर चॉकलेटचा कीस घालायचा म्हटले, की तो आधी बोटांनाच चिकटतो. असे का होते?

कारण काय?
चॉकलेटमधील कोको बटर सुमारे ३४ अंश सेल्सिअसला वितळते. शरीराचे तापमान असते ३७ अंश. त्यामुळे बार बटर पेपरमध्ये धरावा आणि कीस चमच्याने उचलावा.

मग फ्रिजमध्ये ठेवावे का?
हो, पण उघडे नको. थंड बारवर दमट हवेतील पाणी जमते, साखर विरघळते आणि नंतर पांढरट डाग पडतात. घट्ट झाकणाच्या डब्यात १५ मिनिटे ठेवावे. बाहेर काढल्यावर ५ मिनिटे झाकण उघडू नये. फार गार बारचा भुगा होतो.

कीस कसा काढावा?
बारच्या कडेवरून पीलर लांब ओढला की कुरळे काप निघतात. बारीक किसासाठी किसणी वापरावी.

कंपाउंड चालेल का?
त्यात कोको बटरऐवजी वनस्पती चरबी असते. ते उकाड्यात जास्त तग धरते, पण चव वेगळी लागते. वेष्टनावरील घटक वाचावेत.

कोणतेही चॉकलेट असो, कीस वाढतानाच घालावा.