डोकेदुखी, कोयता आणि वर्षभराच्या गोळ्या

दसरा झाला की बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. उचल घेतलेली असते, मुकादम कुणासाठी थांबत नाही. टोळीतल्या एखाद्याच्या एचआयव्हीच्या गोळ्या या धांदलीत सुटल्या, तर काही महिन्यांनी डोकं दुखू लागतं. ऊन लागलं असेल म्हणून डोक्याला फडकं बांधून तोड चालूच राहते. मग ताप, उलट्या, एकाचे दोन दिसणं, असंबद्ध बडबड. तोवर क्रिप्टोकोकस नावाची बुरशी मेंदूच्या आवरणात पोचलेली असते.

ही बुरशी मातीत आणि कबुतरांच्या विष्ठेत असते. श्वासातून ती आत गेली तरी धडधाकट माणसाचं सहसा काही बिघडत नाही. प्रतिकारशक्तीच्या सीडी४ पेशी 100च्या खाली गेल्या की मात्र तिला रान मोकळं मिळतं. रक्ताच्या साध्या पट्टीचाचणीत ती डोकं दुखण्याआधीच सापडू शकते. गोळ्या सोडून परत आलेल्याची ही तपासणी टाळू नये.

मुख्य औषध अँफोटेरिसिन. त्याचं जुनं रूप मूत्रपिंडाला जाचक, रक्तातलं पोटॅशियमही उतरवतं. चरबीच्या सूक्ष्म कणांत गुंडाळलेलं रूप बरंच सौम्य. भारतात ते घडवण्यात मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. नीलिमा क्षीरसागर यांचा मोठा वाटा. 2021मध्ये काळ्या बुरशीच्या साथीत नातेवाईक ज्याच्यासाठी वणवण फिरले, ते हेच. आफ्रिकेतल्या चाचणीनंतर 2022मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने किलोमागे 10 मिलिग्रॅमचा एकच मोठा डोस आणि सोबत 14 दिवस दोन प्रकारच्या गोळ्या सुचवल्या. 50 किलोच्या माणसाला 50 मिलिग्रॅमच्या 10 बाटल्या, एकाच दिवशी.

पाठीतलं पाणी काढायला घरचे घाबरतात. पण डोक्यातला दाब वाढला असेल तर ते पुन्हा पुन्हा काढावं लागतं, आणि जीव वाचतो तो बऱ्याचदा त्यानेच. एचआयव्हीच्या गोळ्याही लगेच नव्हे, चार ते सहा आठवड्यांनी सुरू करतात. घाई केली तर मेंदूची सूज भडकते.

खरी कसोटी घरी आल्यावर. फ्लुकोनॅझोल ही बुरशीविरोधी गोळी आठ आठवडे मोठ्या मात्रेत, मग कमी मात्रेत किमान वर्षभर. या वर्षात एक हंगाम येतोच. म्हणून निघण्यापूर्वीच एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या आपल्या एआरटी केंद्रात, मग ते बीडचं असो की अंबाजोगाईचं, कारखान्याचा तालुका सांगून जवळच्या केंद्राची सोय विचारावी. 1097 ही मदतवाहिनी मोफत आहे. मुकादमाला आजार सांगण्याची सक्ती नाही; 2017च्या एचआयव्ही कायद्याने ही माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे.