कोळशाची रेषा : प्रभाकर पाचपुते यांच्या कलेतील स्मृती आणि अस्मिता

प्रस्तावना

सरदार सरोवर प्रकल्पामुळे नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. त्यांतील अनेक कुटुंबांचे पुनर्वसन तळोदा आणि शहादा तालुक्यांत झाले. ब्राह्मणपुरी हे शहादा तालुक्यातीलच गाव. त्यामुळे जमीन गेल्यावर माणसाची ओळख कशावर टिकते, हा प्रश्न या परिसरातील अध्यापकाला केवळ पुस्तकी वाटत नाही. दृश्यकलेतून या प्रश्नाला भिडणारे महाराष्ट्रातील एक महत्त्वाचे समकालीन कलावंत म्हणजे प्रभाकर पाचपुते. त्यांच्या कलेत माध्यम आणि स्मृती यांचे नाते कसे घडते, हे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

खाणीचे गाव

पाचपुते यांचा जन्म १९८६ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील सास्ती येथे झाला. वर्धा खोऱ्यातील कोळसापट्ट्यातील या गावात त्यांच्या घराण्याच्या तीन पिढ्यांचा संबंध कोळसा खाणीशी आला. खैरागढ येथील इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयात आणि पुढे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात त्यांनी शिल्पकलेचे शिक्षण घेतले. २०१२ मध्ये मुंबईत क्लार्क हाऊस येथे भरलेल्या त्यांच्या प्रदर्शनाचे नाव कोळसा खाणीतील कॅनरी पक्ष्यावरून घेतलेले होते. विषारी वायूची पूर्वसूचना मिळावी म्हणून हा पक्षी खाणीत नेत असत. त्याचा जीव गुदमरला की माणसांनी बाहेर पडावयाचे.

माध्यमाचा प्रश्न

पाचपुते यांचे प्रमुख माध्यम कोळसा. यावरून ‘खाणीचाच कोळसा कलावंताच्या हाती आला’ असे म्हणण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. चित्रकार वापरतात तो सामान्यतः लाकडाच्या काड्या हवाबंद जाळून केलेला कोळसा. खाणीतला दगडी कोळसा कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या वनस्पतींचा. पहिला काही तासांत तयार होतो, दुसऱ्याला भूगर्भीय काळ लागतो. दोन्हींचे मूळ वनस्पतीच, हे साम्य मात्र खरे. खाणीची स्मृती या चित्रांत येते ती रेषेच्या वागण्यातून, असे मला वाटते. ही रेषा हाताला लागते, पसरते, पुसली तरी करडा डाग ठेवून जाते. दक्षिण आफ्रिकेचे विल्यम केंट्रिज यांनी ‘माइन’ (१९९१) या लघुपटात कोळशाचे चित्र पुसत आणि पुन्हा काढत जोहान्सबर्गच्या खाणींचा विषय हाताळला होता. पाचपुतेही चलच्चित्राचा उपयोग करतात. शिवाय ते थेट भिंतीवर भव्य चित्रे काढतात. प्रदर्शन संपल्यावर अशा भिंती पुन्हा रंगविल्या जातात. ज्याचे गावच खोदले गेले, त्याच्या चित्राची भिंतही टिकू नये, हा योगायोग नसून आशयाचाच भाग मानावा लागेल.

डोके नसलेला माणूस

त्यांच्या चित्रांतील मनुष्याकृतींना अनेकदा डोके नसते. त्या जागी एखादे अवजार, यंत्राचा भाग किंवा दिवा असतो. हे केवळ शोषणाचे रूपक आहे, असे म्हणून थांबता येत नाही. भूसंपादन झाले की सातबाऱ्यावरचे नाव जाते आणि शेतकरी हजेरीपटावरचा कामगार होतो. अवजार बदलले की ओळख बदलते, हे शेतीवर जगणाऱ्या समाजाला ठाऊक असते; पाचपुते ते अक्षरशः चितारतात.

ही अस्मिता प्रादेशिक चौकटीत अडकत नाही. वेल्समधील कार्डिफ येथील ‘आर्टेस मुंडी’च्या नवव्या पर्वासाठी त्यांनी भारतीय आणि वेल्श खाणकामगारांच्या अनुभवांना निषेधाच्या फलकांची आठवण देणाऱ्या प्रतिमांतून जोडले. २०२१ मध्ये तो पुरस्कार सहाही कलावंतांना मिळून देण्यात आला.

नर्मदाकाठचा अनुभव याहून एका बाबतीत निराळा आहे. खाणीचा खड्डा उघडा असतो; काठावर उभे राहून शेत कोठे होते ते बोटाने दाखविता येते. बुडालेल्या गावावर पाणी असते. पुनर्वसन वसाहतीतील मुलांना चित्रकलेच्या तासाला ‘माझे गाव’ हा विषय आपण नेहमी देतो. त्यांनी कोणते गाव काढावे, हे मात्र सांगत नाही. पाचपुते यांची चित्रे पाहिल्यानंतर तो विषय पूर्वीइतक्या सहजपणे फळ्यावर लिहिता येत नाही.