इब्सेनची नोरा : एका नाटकाचे दोन शेवट

पाश्चात्त्य रंगभूमीवरील स्त्रीप्रतिमा दीर्घकाळ प्रामुख्याने पुरुष नाटककारांनीच घडविली. तथापि तिचे स्वरूप केवळ लेखकाच्या दृष्टीवर अवलंबून नव्हते. हेन्रिक इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाऊस’ (१८७९) या नाटकातील नोरा पती व मुलांना सोडून आत्मशोधार्थ घराबाहेर पडते. १८८० मध्ये जर्मनीतील प्रयोगासाठी हेडविग नीमान-राबे या अभिनेत्रीने हा शेवट साकारण्यास नकार दिला. इतरांनी संहितेची मोडतोड करू नये म्हणून इब्सेनने स्वतःच पर्यायी शेवट लिहिला. त्यात निद्रिस्त मुलांच्या दर्शनाने नोरा थांबते. हा बदल त्यास मनातून अमान्यच होता. मातृत्वविषयक सामाजिक संकेत नाटककार, अभिनेत्री व प्रेक्षक या सर्वांनाच बांधून ठेवतात, हे यावरून स्पष्ट होते. म्हणून स्त्रीचित्रणाच्या अभ्यासात संहितेइतकाच प्रयोगाचा इतिहासही महत्त्वाचा ठरतो.