नेट नसलं तरी चालणारा वेब सर्व्हर

मोटर चालू आहे की बंद, टाकीत पाणी किती, गोदामात उष्णता किती, हे मोबाईलच्या पडद्यावर पाहायचं तर इंटरनेट लागणारच, असं अमरावती-अकोल्यात बहुतेकजण धरून चालतात. या समजुतीला कारण आहे. कृषिपंपाला थ्री फेज लाईट पाळीने मिळते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. म्हणून वावरात आधी ऑटो स्विच आला, मग सिमकार्डवाला मोबाईल स्टार्टर आला, आणि रिचार्ज संपला किंवा टॉवर बंद पडला की तो मुका होतो हेही लोकांनी अनुभवलं. तेव्हा ‘मोबाईलवर दिसणं म्हणजे नेट’ हे समीकरण पक्कं झालं. पण वाय-फाय असलेला, काहीशे रुपयांत मिळणारा मायक्रोकंट्रोलर स्वतःच वेब सर्व्हर होऊ शकतो, आणि त्याला बाहेरच्या जगाची गरज नसते. गंमत अशी, की हे जमणार नाही म्हणणारे जी कारणं सांगतात ती बहुतेक चुकीची असतात. आणि ते ज्या कारणांनी खरोखर फसतं, ती मात्र फारसं कोणी बोलून दाखवत नाही.

सर्व्हर म्हणजे थंडगार खोलीतली मोठी कपाटं, हा पहिला गैरसमज लवकर निकालात काढता येतो. वेब सर्व्हर हे यंत्राचं नाव नाही, ते एक काम आहे: समोरून आलेली मजकुराची एक विनंती वाचायची आणि ठरलेल्या नियमांनुसार मजकुरातच उत्तर द्यायचं. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात एच. श्रीकुमार यांनी आठ पायांच्या, अवघी ४१ बाइट रॅम असलेल्या पिक चिपवर वेब सर्व्हर चालवून दाखवला होता. २०१४ मध्ये शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी८२६६ ही चिप बाजारात आली आणि वाय-फायसुद्धा त्याच चिपमध्ये आलं. प्रोग्रामला तिथे ५० केबीपेक्षा थोडी कमी रॅम उरते. दोन आकडे, एक बटण आणि एक तक्ता दाखवणारं पेज दोन-तीन केबीत मावतं, म्हणजे एवढी रॅम पुष्कळ झाली. तिच्यावर फोटोंनी भरलेलं संकेतस्थळ चालवायला कोणी सांगितलेलं नाही.

दुसरा गैरसमज इंटरनेटचा, आणि तो चिवट आहे, कारण त्याला रोज खोटे पुरावे मिळतात. वाय-फाय हा उपकरणांना जोडणारा दुवा आहे. इंटरनेट ही त्या दुव्याच्या पलीकडची गोष्ट. ईएसपी८२६६ राउटरशिवायही स्वतःचं वाय-फाय तयार करते. फोन त्याला जोडला आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.४.१ हा पत्ता टाकला की पेज उघडतं. असे पत्ते खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेले आहेत, ते कोणाकडून विकत घ्यावे लागत नाहीत. मग फसतं कुठे? अनेक अँड्रॉइड फोनना त्या वाय-फायवर इंटरनेट सापडलं नाही की ते गुपचूप मोबाईल डेटावर जातात. पत्ता टाकला तरी पेज येत नाही, आणि ‘पाहा, नेट लागतंच’ असा निष्कर्ष निघतो. डेटा बंद करा किंवा फोनने विचारल्यावर ‘याच वाय-फायवर राहा’ निवडा, पेज उघडेल. दुसरा खोटा पुरावा प्रोग्राम लिहिणाराच पुरवतो. पेज देखणं करायला तो सजावटीच्या आणि आलेखाच्या फाइली इंटरनेटवरून ओढून घेतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सगळं झकास दिसतं, वावरात नेलं की पांढरा पडदा. त्या फाइली चिपच्याच फ्लॅश मेमरीत ठेवल्या की प्रश्न मिटतो. घरच्या राउटरवर सर्व्हर जोडला तर त्याचा पत्ता अधूनमधून बदलतो हे खरं, पण त्यासाठी नेटवाल्याकडून पैसे देऊन स्टॅटिक आयपी घेणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी. तो पत्ता बाहेरच्या जगासाठी असतो. घरातला पत्ता राउटरच्या सेटिंगमध्ये फुकट राखून ठेवता येतो.

नेट नसण्याची एक किंमत मात्र खरी आहे: घड्याळ. ही चिप वेळ इंटरनेटवरून घेते. लाईट गेली की तिला आज कोणता वार हेही आठवत नाही. पहाटे चारला पाणी सुरू करायचं असेल तर डीएस३२३१ सारखं बटण-सेलवर चालणारं घड्याळ जोडावंच लागतं. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याच्या अनेक गावांत मोबाईलचं नेटवर्क आजही भरवशाचं नाही. तिथल्या आरोग्य केंद्रात लसींचा फ्रिज २ ते ८ अंशांत आहे का, हे खिडकीबाहेरून फोनवर पाहायचं असेल, तर असं घड्याळ जोडलेला स्थानिक सर्व्हर टॉवरवर अवलंबून असलेल्या कोणत्याही साधनापेक्षा जास्त कामाचा ठरेल.

यावर रास्त आक्षेप असा, की सिमवाला स्टार्टर तयार मिळतो, चालतो, मग हा खटाटोप कशाला? वावर गावापासून दोन-तीन किलोमीटरवर असेल तर आक्षेप बरोबर आहे. तिथे सिमवालाच घ्यावा. साध्या चिपचं वाय-फाय मोकळ्या जागेत शंभरेक मीटर गेलं तरी नशीब, आणि वरूड-मोर्शीच्या दाट संत्रा बगीच्यात त्याहून बरंच कमी. लोखंडी स्टार्टर पेटीत बोर्ड बंद केला तर पेटीबाहेरही जात नाही. स्थानिक सर्व्हरची जागा घराला लागून असलेली विहीर, गोठा, जिनिंगमधलं गोदाम, शेडनेट, प्रयोगशाळा अशी आहे. तिथे दर महिन्याचा रिचार्ज नाही, आणि आपली आकडेवारी परक्या कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन परत येत नाही. तयार स्मार्ट प्लगमधले कित्येक कंपनीचा सर्व्हर मिळेनासा झाला की हातभर अंतरावरूनही ऐकत नाहीत, हे विकत घेताना कोणी सांगत नाही.

खरी अडचण विजेकडे आहे, आणि इथे अति आत्मविश्वासाने नुकसान होतं. मोटर चालू-बंद करायला बोर्डाला जोडतात त्या निळ्या रिलेवर १० अँपिअर लिहिलेलं असतं. ५ एचपीची थ्री फेज मोटर चालताना सात-आठ अँपिअर घेते. म्हणून रिले पुरेल, असा हिशेब मांडला जातो. पण सुरू होताना हीच मोटर सुमारे सहापट करंट ओढते. रिलेने मोटर चालवायचीच नसते, त्याने फक्त स्टार्टरच्या कॉइलला आज्ञा द्यायची. त्यातही पाहायचं, की कॉइल बहुधा ४१५ व्होल्टची, म्हणजे दोन फेजमधली असते आणि निळा रिले २५० व्होल्टचा. मध्ये योग्य क्षमतेचा रिले हवाच. पंपाच्या पेटीत न्यूट्रल बऱ्याचदा नसते. दोन फेजवर मोबाईलचा चार्जर लावून बोर्डाला वीज दिली तर चार्जर जळणार. ओव्हरलोड रिले आणि सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर काढून त्यांची जबाबदारी प्रोग्रामवर टाकणं तर शुद्ध वेडेपणा.

पेजवर ‘चालू’ दिसतं म्हणून मोटर चालू असते, हाही भ्रमच. सर्व्हर आपण दिलेली आज्ञा आपल्यालाच वाचून दाखवत असतो. फेज गेला असेल, कॉइल जळली असेल, त्याला पत्ता नाही. वायरीवर करंट मोजणारा सेन्सर बसवून त्याचा आकडा पेजवर आणला, तरच ‘चालू’ला अर्थ. शिकाऊंच्या हजारो प्रोग्रामांत आणखी एक खोट असते: मोटर सुरू करायला साधी लिंक दिलेली असते. नुसती लिंक उघडणं म्हणजे वेबच्या नियमांत ‘पाहणं’, त्यातून काही बदलू नये अशी अपेक्षा. ब्राउझर दुसऱ्या दिवशी जुना टॅब आपणहून पुन्हा उघडतो तेव्हा ती लिंकही पुन्हा जाते, आणि विहिरीत कोणी उतरलेलं असताना मोटर सुरू होऊ शकते. म्हणून आज्ञा पोस्ट पद्धतीने पाठवायची, आणि दुरुस्तीच्या वेळी मेन स्विच हाताने खाली ओढायचा. त्याला पर्याय नाही. लाईट परत येताच मोटर आपोआप सुरू करणारा प्रोग्रामही नको. ऑटो स्विच काढा, असं महावितरण वारंवार सांगतं ते याचसाठी: साऱ्या मोटरी एकदम उठल्या की डीपीवर ताण येतो. प्रोग्रामने थांबून, प्रत्येक वावरात वेगवेगळ्या मिनिटाला सुरुवात केली तर मात्र तो ऑटो स्विचपेक्षा शहाणा ठरतो.

आणि ‘घरातल्या घरात आहे, कोण येतंय’ म्हणून पासवर्ड न लावणं हीही चूकच. २०१६ मध्ये मिराई या व्हायरसने कॅमेरे आणि राउटर हजारोंनी ताब्यात घेतले ते कंपनीने दिलेले पासवर्ड कोणी बदलले नव्हते म्हणून. साध्या एचटीटीपीवर पासवर्ड उघडाच जातो, त्यामुळे खरं कुलूप वाय-फायच्या पासवर्डचं. राउटरमध्ये पोर्ट उघडून हा सर्व्हर बाहेरच्या जगाला दाखवायचा मोह टाळावा.

ज्यांना करून पाहायचं आहे त्यांनी सुरुवात मोटरीपासून करू नये. तापमानाचा एक सेन्सर, एक पेज, घरचं वाय-फाय, एवढ्यावर महिनाभर चालवावं. राउटरची नेटची वायर काढून पेज उघडतं का ते तपासावं. मोटरीला हात लावायची वेळ येईल तेव्हा परवानाधारक वायरमन सोबत असू द्या.