शून्य टक्के साम्य

मार्केट यार्ड म्हटलं की पुणेकराला कांद्याचे ट्रक आठवतात, फुलबाजार आठवतो, गूळ-भुसाराचे गाळे आठवतात. त्याच गुलटेकडीला, मुकुंदनगरच्या अंगाला, एक विद्यापीठ आहे हे पुष्कळांच्या ध्यानातही नसतं. लोकमान्यांच्या स्मरणार्थ १९२१ साली टिळक महाराष्ट्र विद्यापीठ निघालं आणि १९८७ मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. ग्रंथालयशास्त्रही तिथे शिकवतात. शहराच्या दुसऱ्या टोकाला, गणेशखिंडीत, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय. विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत होणाऱ्या कार्यशाळांना जाऊन बसायची मला हौस आहे. खाली लिहितोय ते कुठल्या एका संस्थेचं नाही, थोड्याफार फरकाने सगळीकडे असंच चालतं.

ग्रंथालयाचं वार्षिक पंचांग ठरलेलं असतं. जानेवारीत मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, २३ एप्रिलला पुस्तक दिन, १२ ऑगस्टला रंगनाथनांची जयंती म्हणून ग्रंथपाल दिन, १५ ऑक्टोबरला कलामांच्या नावे वाचन प्रेरणा दिन. प्रत्येक दिवसाला फलक, दीपप्रज्वलन, ग्रंथप्रदर्शन आणि फोटो. मूल्यांकन समितीपुढे ठेवायचे म्हणून फोटोवर अक्षांश-रेखांशसुद्धा उमटलेले असावे लागतात. पाहुण्यांना हल्ली पुष्पगुच्छाऐवजी पुस्तक देतात, हा बदल मात्र मला मनापासून आवडतो.

खरी कार्यशाळा जेवणानंतर सुरू होते. पाहुणे गेलेले असतात, प्रमाणपत्रापुरते आलेलेही पांगलेले असतात. मागे राहतात ते प्रबंध अर्ध्यावर आलेले संशोधक, बहुतेक नोकरी सांभाळून शिकणारे. पेन ड्राइव्ह हातात धरून ते संगणकापाशी रांग लावतात. विषय बहुधा एकच असतो, वाङ्मयचौर्य आणि संदर्भ.

२०१८ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने याबद्दल नियम केले. साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. दहा ते चाळीस असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून आणायचं. चाळीस ते साठ असेल तर वर्षभर प्रबंध सादर करता येत नाही आणि साठच्या वर गेलं की नोंदणीच रद्द. अवतरणचिन्हांत नाव देऊन घेतलेला मजकूर आणि संदर्भसूची या मोजणीत धरत नाहीत. योगायोगाने किंवा सर्वसामान्य ज्ञान म्हणून जुळलेले सलग चौदा शब्दांपर्यंतचे तुकडेही सोडून देतात. हे आकडे सगळ्यांना तोंडपाठ असतात, म्हणून टक्केवारीचीच धास्ती जास्त. संदर्भ का द्यायचा, हा प्रश्न मागेच राहतो. मार्केट यार्डातल्या आडत्याच्या पट्टीवर शेतकऱ्याचं नाव, मालाचं वजन आणि भाव लिहिलेला असतो; माल कुणाचा, हे विचारायची पाळी येत नाही. तळटीप म्हणजे तीच पट्टी.

अशा एका दुपारी मराठी विषयाच्या एका बाईंच्या प्रकरणावर साम्य तपासणाऱ्या संगणकप्रणालीचा अहवाल आला तो शून्य टक्के. बाई खूश झाल्या. ग्रंथपाल मॅडमच्या कपाळावर मात्र आठी. त्यांनी पीडीएफमधला एक परिच्छेद निवडला, कॉपी केला आणि नोटपॅडमध्ये चिकटवला. पडद्यावर स्वच्छ दिसणाऱ्या मराठीच्या जागी रोमन अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं यांचा लगदा उतरला. “मॅडम, प्रणालीने तुमचं एक अक्षर वाचलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “तिला हेच दिसलं.”

कारण साधं आहे. प्रबंध टंकून देणाऱ्याने श्रीलिपी किंवा तसाच जुना फाँट वापरलेला असतो. अशा फाँटात संगणकाच्या लेखी साठवलेली असते ती रोमन संकेतांची रांग, वर देवनागरीचं फक्त चित्र चढवलेलं. मुद्रणाच्या जमान्यात ही सोय फार मोलाची होती. ती उभी करण्यात पुण्याचा वाटाही मोठा. श्रीलिपी बनवणारी मॉड्युलर इन्फोटेक इथलीच आणि भारतीय लिप्या संगणकावर आणणारं सी-डॅकही इथलंच. पण देवनागरी अक्षरांना स्वतःचे संकेत देणारा युनिकोड येऊन इतकी वर्षं झाली तरी प्रबंध टंकणाऱ्यांची गाडी जुन्याच फाँटावर.

याचा तोटा शून्य टक्क्यांच्या खोट्या समाधानापुरता नाही. मंजूर प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटकडे, शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात जातो. मुखपृष्ठाची माहिती हाताने भरलेली असते, त्यामुळे शीर्षक सापडतं. आतला मजकूर मात्र शोधात येत नाही. पाच वर्षं खपून कुणी मावळातल्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या असतील, तर ‘ओवी’ हा शब्द देऊन त्या पानापर्यंत कुणी पोहोचणार नाही. चोर सापडत नाही तसा धनीही सापडत नाही.

मग युनिकोडमध्ये रूपांतर सुरू होतं. रूपांतरक वापरला की नव्वद टक्के काम झाल्यासारखं वाटतं, आणि खरी मेहनत उरलेल्या दहात असते. जुन्या फाँटात टंकयंत्राच्या सवयीने पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते. युनिकोडला आधी अक्षर लागतं, मग वेलांटी. रफाराचं उलट. तो दिसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, पण साठवताना र् आधी यावा लागतो. त्यामुळे रूपांतर कच्चं असलं की वेलांट्या शेजारच्या घरी जातात आणि रफार वाटेतच पडतो. ‘आचाऱ्याला’ आणि ‘आचार्याला’ यांतला फरक तर यंत्राने गिळलाच म्हणून समजा. मठाच्या इतिहासात अचानक स्वयंपाकी अवतरतो. मॅडम बाईंना शेजारी बसवून एक पान ओळीओळीने वाचून घेतात. त्या पानालाच बराच वेळ लागतो, पुढची पानं घरी.

यानंतर झोटेरो. संदर्भ सांभाळणारी ही प्रणाली फुकट मिळते, तिचा उपयोगही चांगला. पण ती नाव आणि आडनाव असे दोन रकाने मागते आणि मराठी वाङ्मय तिथे अडखळतं. तुकारामांचं आडनाव काय घालायचं? ग्रेसचं? एका मुलाने ‘ग्रेस’ नावाच्या रकान्यात टाकून आडनाव कोरं ठेवलं होतं. मॅडमनी रकान्याशेजारचं बटण दाबून दोन्ही रकाने एक केले. तालिकेत शिरवाडकर आणि कुसुमाग्रज यांची सांगड घालणारी ‘पहा’ नोंद हाताने लिहिलेल्यांना हे दुखणं जुनंच आहे. बहुतेक जणांच्या संदर्भसूचीत मराठी नावांच्या मधेच इंग्रजी ‘एट अल.’ डोकावत असतो. तो शैलीच्या भाषेप्रमाणे येतो, नोंदीच्या नव्हे; मग तिथे हाताने ‘आणि इतर’ करावं लागतं.

माझं मत विचाराल तर ग्रंथालयांनी उद्घाटनाचा तास निम्मा करावा आणि ही दुपार दुप्पट करावी. अहवालात तिचा फोटो चांगला येत नाही हे खरं. एका संगणकापुढे दोन डोकी, एवढंच दिसतं. पण ग्रंथपालाचं शिक्षण जिथे कामी येतं ती जागा हीच आहे, आणि ते काम वर्षातून एकदा फलक लावून उरकण्यासारखं नाही.

मराठीत प्रबंध लिहीत असाल तर पहिल्या प्रकरणापासून युनिकोडमध्येच लिहा, टंकून घेत असाल तर पैसे ठरवतानाच ही अट घाला. जुन्या फाँटातलं काही हाताशी असेल तर मूळ फाइल जपून ठेवून प्रतीवर रूपांतर करा. आणि पीडीएफ जमा करण्याआधी त्यातला एक परिच्छेद नोटपॅडमध्ये चिकटवून बघा.