अ‍ॅपचे विकतचे सुख

ऑगस्ट २००८ मध्ये, आयफोनचे ‘अ‍ॅप स्टोअर’ सुरू होऊन जेमतेम महिना झाला असताना, तेथे ‘आय अ‍ॅम रिच’ नावाचे एक अ‍ॅप विक्रीस आले. किंमत होती ९९९.९९ डॉलर. ते उघडले की पडद्यावर एक लालबुंद रत्न चमकत असे. याखेरीज त्याला दुसरे काहीही येत नव्हते. अ‍ॅपलने ते तातडीने काढून टाकले, परंतु तेवढ्या अवधीत आठ जणांनी ते विकत घेतले होते.

विकतच्या अ‍ॅप्सविषयी आपल्याकडील अनेकांच्या मनात आजही अशीच काहीशी शंका असते. जे हातात धरता येत नाही, ज्याला वजन नाही, ज्याची पावतीही कागदावर मिळत नाही, त्यासाठी पैसे का मोजावेत? गंमत अशी, की याच आपण एके काळी कॉलर ट्यूनसाठी महिन्याकाठी तीस-एक रुपये निमूटपणे भरत होतो. आणि त्या गाण्याचा आनंद मिळत होता तो फोन करणाऱ्याला! तेव्हा प्रश्न पैसे देण्याच्या तयारीचा नाही. कोणत्या अ‍ॅपसाठी द्यावेत आणि कोणत्यासाठी देऊ नयेत, हे ओळखण्याचा आहे.

फुकटाचे पैसे कोण भरतो?

अ‍ॅप फुकट असले तरी ते तयार करणाऱ्याला पगार, सर्व्हर आणि वीज यांचा खर्च चुकत नाही. तो खर्च बहुधा जाहिरातदार भरतो आणि मोबदल्यात आपले लक्ष किंवा आपली माहिती घेतो. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ‘ब्रायटेस्ट फ्लॅशलाइट’ या अँड्रॉइडवरील फुकट अ‍ॅपवर ठपका ठेवला. फोनचा दिवा लावणे एवढेच त्याचे काम. प्रत्यक्षात ते वापरणाऱ्याचा ठावठिकाणा जाहिरातदारांच्या जाळ्यापर्यंत पोहोचवत होते. अंधारात वाट दाखवणाऱ्या विजेरीने आपला माग काढावा, हा सौदा महागच म्हणायचा.

त्याहून बोलके उदाहरण कागदपत्रांची छायाप्रत काढणाऱ्या ‘कॅमस्कॅनर’चे. भारतात असंख्य लोकांनी त्यावर आधार, पॅन, गुणपत्रिका आणि भाडेकराराची पाने उतरवली. ऑगस्ट २०१९ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षाविषयक कंपनीला त्याच्या अँड्रॉइडवरील फुकट आवृत्तीत घातक संगणकीय भाग सापडला. तो शिरला होता जाहिराती दाखवण्यासाठी जोडलेल्या बाहेरच्या सामग्रीतून. पैसे भरून घेतलेल्या आवृत्तीत जाहिराती नव्हत्या, म्हणून तो भागही नव्हता. पुढे २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ५९ चिनी अ‍ॅप्समध्ये कॅमस्कॅनरचाही समावेश झाला आणि वर्गणी भरणारे व न भरणारे सगळे एकाच पंक्तीला आले. आज हे काम आयफोनमधील ‘नोट्स’ किंवा गूगलचे ‘ड्राइव्ह’ विनामूल्य करते. त्यामुळे केवळ स्कॅन करण्यासाठी वेगळे पैसे मोजण्याचे कारण सामान्य वापरकर्त्याला उरलेले नाही.

अर्थात फुकट ते सारे वाईट, असेही नव्हे. ‘व्हीएलसी’ हा चित्रफिती दाखवणारा प्लेअर ना-नफा संस्था चालवते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिविज्ञान प्रयोगशाळेचे ‘मर्लिन’ पक्षी ओळखून देते आणि एक पैसाही मागत नाही. मुंबईकरांचे ‘एम-इंडिकेटर’ जाहिराती दाखवते, पण लोकलचे वेळापत्रकही चोख दाखवते. यातील खर्च कोण भरतो हे उघड आहे. जिथे ते उघड नसते, तिथे सावध व्हावे.

रियाजाला तानपुरा

पैसे मोजावेत अशा अ‍ॅप्सच्या आमच्या यादीत पहिले नाव ‘आयतबला प्रो’चे. पूर्वी गाणे शिकणाऱ्याच्या घरी तानपुऱ्याची जोडी असे. ती जुळवण्यातच निम्मा वेळ जाई आणि तबल्याच्या साथीसाठी कोणाची तरी मनधरणी करावी लागे. नंतर बंगळुरूच्या ‘रॅडेल’सारख्या कंपन्यांची इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची आणि तबल्याची पेटी आली. काही हजार रुपयांची ही यंत्रे क्लासला जाताना पिशवीतून न्यावी लागत. आयफोन आणि आयपॅडसाठीच्या या अ‍ॅपमध्ये दोन तानपुरे, तबला, स्वरमंडल आणि मंजिरी एकत्र मिळतात. आपली पट्टी काळी एक असो वा पांढरी चार, ती लावावी, पहिली तार पंचमाची की मध्यमाची हे ठरवावे, ताल व लय निवडावी आणि गायला बसावे.

येथे पैसे देण्याचे कारण नेमके काय? रियाज म्हणजे सलग चाललेला काळ. विलंबित एकतालात समेवर येता येता मध्येच चपलांची जाहिरात वाजू लागली, तर केवळ ते आवर्तन बिघडत नाही, पाऊण तासाची बैठकच मोडते. शिवाय स्वर कानावर संस्कार करीत असतो. तो खऱ्या वाद्याच्या जितका जवळचा, तितके शिकणाऱ्याचे भले. गुरूसमोर बसून ऐकलेल्या तानपुऱ्याची जागा कोणतेही अ‍ॅप घेणार नाही. पण उरलेल्या सहा दिवसांच्या रियाजासाठी, आणि गुरूपासून हजारो मैल दूर राहून गाणे जपणाऱ्या परदेशस्थांसाठी, हा खर्च एखाद्या पेटीच्या तुलनेत किरकोळ आहे.

रेंज नसलेल्या रात्री

मुंबईच्या खगोल मंडळाचे वांगणीचे रात्रभराचे कार्यक्रम किंवा पुण्याच्या १९४४ साली स्थापन झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेचे उपक्रम यांमुळे महाराष्ट्रात आकाशदर्शनाची हौस मोठी आहे. आकाश चांगले दिसते ते शहराच्या दिव्यांपासून दूर, आणि तिथे मोबाइलची रेंज हमखास दगा देते. ‘स्टेलॅरियम’ हा तारांगणाचा कार्यक्रम संगणकावर मुक्त आणि विनामूल्य आहे. मोबाइलवरील त्याची प्राथमिक आवृत्तीही फुकट आहे. परंतु ‘प्लस’ आवृत्तीत इंटरनेटशिवाय चालणारी ताऱ्यांची मोठी सूची मिळते आणि दुर्बीण जोडून नियंत्रित करण्याची सोयही मिळते. ‘स्कायसफारी’ या दुसऱ्या नामांकित अ‍ॅपच्या वरच्या आवृत्त्याही विकतच्या आहेत.

गच्चीवरून गुरू कुठला आणि चित्रा कुठली एवढेच ओळखायचे असेल, तर फुकट आवृत्ती पुरेशी आहे. ज्यांच्याकडे दुर्बीण आहे, जे महिन्यातून एकदा तरी अमावास्येच्या सुमारास बाहेर पडतात, त्यांनी मात्र पैसे खर्च करावेत. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून पडदा तांबडा करण्याची सोयही अशा अ‍ॅप्समध्ये असते. तिचे मोल रात्री दोन वाजता कळते.

दोन तासांचा खेळ

‘मॉन्युमेंट व्हॅली’ हा लंडनच्या ‘अस-टू’ कंपनीचा खेळ एप्रिल २०१४ मध्ये आला. डच चित्रकार एशर याच्या चित्रांतल्याप्रमाणे येथे जिने वर जाता जाता खाली उतरतात, आणि आयडा नावाची छोटी राजकन्या त्या अशक्य इमारतींतून वाट काढते. खेळ दहा टप्प्यांचा. दोनेक तासांत संपतो. तो संपतो, हेच त्याचे वैशिष्ट्य. फुकट खेळ संपू नये अशाच बेताने रचलेला असतो, कारण आपण अडलो की ‘जीव’ विकत घ्यावा, यावर त्याचे उत्पन्न अवलंबून असते. एकदाच पैसे घेणाऱ्याला आपल्याला अडवून ठेवण्यात काहीच स्वारस्य नसते.

तरीही गिऱ्हाइकाचा स्वभाव पाहा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कंपनीने नवे टप्पे सुमारे दोन डॉलरना विकायला काढले, तेव्हा हे फुकट का नाही, म्हणून अनेकांनी एक तारा देऊन राग काढला. जानेवारी २०१५ मध्ये कंपनीने जाहीर केले, की अँड्रॉइडवर हा खेळ उतरवणाऱ्यांपैकी अवघ्या ५ टक्क्यांनी पैसे दिले आहेत. एकदा विकत घेऊन दोन-तीन यंत्रांवर उतरवणारेही उरलेल्यांत होतेच, पण चोरीच्या प्रती त्याहून पुष्कळ. हा पहिला खेळ तयार करण्याचा खर्च साडेआठ लाख डॉलरच्या घरात होता. चांगले खेळ कमी का होतात, याचे एक उत्तर या आकड्यांत आहे.

वर्गणीचे वाचनालय

‘स्टोरीटेल’ ही स्वीडनची कंपनी २०१७ च्या अखेरीस भारतात आली, ती इंग्रजी आणि हिंदीबरोबर मराठी श्राव्य पुस्तके घेऊन. डोंबिवलीहून उभ्याने प्रवास करणाऱ्याला हातात पुस्तक धरता येत नाही. डोळे अधू झालेल्या आजोबांना धरता आले तरी वाचता येत नाही. या दोघांसाठी अशी सेवा वरदानच आहे. फक्त एक लक्षात ठेवावे. येथे आपण पुस्तक विकत घेत नाही, वाचनालयाची वर्गणी भरतो. वर्गणी थांबली की कपाट बंद. महिन्याला एखादे पुस्तकही ऐकून होत नसेल, तर ती वर्गणी सरळ बंद करावी.

पैसे देऊनही उपयोग कधी नाही?

व्हॉट्सअ‍ॅप सुरुवातीच्या काळात वर्षाला सुमारे एक डॉलर आकारत असे. फेब्रुवारी २०१४ मध्ये फेसबुकने ते खरेदी करण्याची घोषणा केली, जानेवारी २०१६ मध्ये ते शुल्क रद्द झाले आणि जून २०२५ मध्ये त्याच्या ‘अपडेट्स’ विभागात जाहिराती आणण्याची घोषणा झाली. याउलट ‘थ्रीमा’ हे स्विस अ‍ॅप एकदाच पैसे घेते आणि फोन नंबरही विचारत नाही. गोपनीयतेच्या दृष्टीने सौदा उत्तम. परंतु आपली मावशी, सोसायटीचे सचिव आणि मुलांच्या शाळेतील पालकांचा गट व्हॉट्सअ‍ॅपवरच असेल, तर थ्रीमावर आपण बोलणार कोणाशी? संवादाच्या अ‍ॅपची किंमत आपण एकट्याने भरून भागत नाही. वकील आणि अशील किंवा पत्रकार आणि त्याला माहिती देणारा यांसारख्या, दोघांनी मिळून घेण्याची तयारी असलेल्यांनीच त्याचा विचार करावा.

विकत घेतलेले अ‍ॅप कायम राहील, हेही गृहीत धरू नये. मिनिटामिनिटाचा पावसाचा अंदाज देणारे ‘डार्क स्काय’ हे अमेरिकेतील लोकप्रिय विकतचे अ‍ॅप मार्च २०२० मध्ये अ‍ॅपलने विकत घेतले. त्याच वर्षी ते अँड्रॉइडवरून गेले आणि २०२२ च्या अखेरीस आयफोनवरूनही.

वर्गणी का वाढली?

एकदाच पैसे देऊन मोकळे होण्याची सोय दिवसेंदिवस कमी होत आहे, अशी अनेकांची तक्रार असते. तिला दुसरी बाजू आहे. फोनची कार्यप्रणाली दरवर्षी बदलते आणि अ‍ॅपला तिच्याबरोबर बदलावेच लागते. सप्टेंबर २०१७ मध्ये आयओएस ११ आली, तेव्हा ३२-बिटची जुनी अ‍ॅप्स एका फटक्यात चालेनाशी झाली. दहा वर्षांपूर्वी एकदा घेतलेल्या दोनशे रुपयांत ही डागडुजी कोणी किती काळ करावी? त्यातच जून २०१६ मध्ये अ‍ॅपलने सर्व प्रकारच्या अ‍ॅप्सना वर्गणीची मुभा देण्याचे आणि ग्राहक वर्षभर टिकल्यास आपले कमिशन ३० वरून १५ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले. साहजिकच अ‍ॅप बनवणारे वर्गणीकडे वळले.

मात्र ज्या अ‍ॅपमध्ये दररोज नवे काही येत नाही, त्याने वर्गणी मागितली तर हात आखडता घ्यावा. आठवड्याच्या वर्गणीपासून तर चार हात दूरच राहावे. आठवड्याला १९९ रुपये ऐकायला किरकोळ वाटतात. वर्षाचे ते १० हजार ३४८ होतात.

घेण्यापूर्वी, घेतल्यावर

अ‍ॅप पुसून टाकले म्हणजे वर्गणी थांबली, हा मोठा गैरसमज आहे. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमधील ‘सबस्क्रिप्शन्स’मध्ये, तर आयफोनवर ‘सेटिंग्ज’मध्ये आपल्या नावाखाली जाऊन ती स्वतंत्रपणे रद्द करावी लागते. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार अशी रक्कम आपोआप वळती होण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना द्यावी लागते. दर वेळी वेगळी संमती घेण्याची अट आधी ५ हजार रुपयांपुढील रकमेला होती. जून २०२२ मध्ये ती मर्यादा १५ हजारांवर नेण्यात आली. म्हणजेच लहान रकमा आपल्याला न विचारता जाऊ शकतात. सूचनेचा तो संदेश न वाचता पुसू नये.

गूगल प्लेवर घेतलेले अ‍ॅप पसंत पडले नाही, तर ४८ तासांच्या आत परताव्याची मागणी करता येते. म्हणून घेतल्याच्या दिवशीच ते कसून वापरून पाहावे. त्याच्या ‘फॅमिली लायब्ररी’त एकदा घेतलेली पात्र अ‍ॅप्स घरातील आणखी पाच जणांना वापरता येतात. अ‍ॅपच्या आत केलेली खरेदी मात्र अशी वाटून घेता येत नाही. त्यामुळे एकाच अ‍ॅपची ‘प्रो’ प्रत वेगळी मिळत असेल, तर कुटुंबासाठी तीच घ्यावी.

शेवटी हिशेब सोपा आहे. हे अ‍ॅप मी आठवड्यातून कितीदा उघडतो? त्याने दुसऱ्या कोणत्या खर्चाची जागा घेतली? पैसे दिल्यावर त्याची निष्ठा माझ्याकडे राहते की जाहिरातदाराकडे? या तीन प्रश्नांची उत्तरे मनाजोगी आली, तर पैसे खुशाल भरावेत. चांगल्या दर्जाच्या चाकू-सुरीसाठी किंवा शिंप्याच्या चांगल्या कात्रीसाठी आपण घासाघीस न करता चार पैसे जास्त मोजतो, कारण ती रोज हाताशी लागते. रोज हाताशी लागणाऱ्या अ‍ॅपला वेगळा न्याय लावण्याचे कारण नाही.